आजाराच्या नावातली दारू

बाबा, काल मी विहारात सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. हातात माईक घेऊन. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशातच राहायचा ती तुमची पोरगी, साठी उलटून गेल्यावर, भरल्या सभेत तुमच्याबद्दल बोलली आणि मध्ये एकदाही रडली नाही. सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं, मग वरणातही घातलं. सून शेवटी म्हणाली, “आई, तुम्ही एका जागी बसा नं. तुमच्याकडं पाहून मलेच चक्कर येऊन राहिली.” म्हणून शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलं, त्याच पाटावर कागद घेतला आणि बसले. तुम्हाला सांगितल्याशिवाय हे काही माझ्या पोटात राहायचं नाही.

आधी बातमी सांगून टाकते, मला धीर नाही. बाबा, तुमच्या आजाराच्या नावातून दारू काढून टाकली. खरंच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडं त्याला नावच नव्हतं. पोट फुगलं की माणूस पिणारा, एवढंच निदान. पुढं डॉक्टरांच्या ध्यानात आलं की थेंबही न घेणाऱ्यांचं यकृत तसंच खराब होतं. मग त्याला नाव दिलं ते ‘दारूशिवाय झालेलं चरबीचं यकृत’ अशा अर्थाचं. म्हणजे पाहा, नाही म्हणायलासुद्धा दारूचं नाव घ्यायचंच! एखाद्या बाईची ओळख करून देताना म्हणावं, ही बाई चोर नाही बरं का, तसं. आणि आता अलीकडं जगभरातल्या यकृताच्या डॉक्टरांनी एकत्र बसून, आजारी माणसांनाही विचारून, ते नावच बदललं. त्या शब्दानं माणसाला बट्टा लागतो, म्हणून. बट्टा लागतो हे त्यांना कळलं, बाबा! मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली, नाहीतर म्हटलं असतं. तिथून बाहेर पडले तर मला ऑटोवाल्यालाही सांगावंसं वाटत होतं.

तुम्हाला तो तक्ता आठवतो का? कोराडीला आपण विजेच्या प्लँटच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तुम्ही कोळशाच्या खात्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार. प्लँटच्या दवाखान्यात नवीन तक्ता आला तेव्हा जुना, कडेनं फाटलेला, तुम्ही मागून आणलात. माणसाचं पोट उघडून आतलं सगळं दाखवणारा. तुम्ही तो स्वयंपाकघरात लावता, कारण दुसरी भिंत रिकामी नाही, आणि आई हातातली भाकर तशीच ठेवून उठते. “आता जेवताना आतडे पाह्याचे काय आम्ही?” “पाह्य नं,” तुम्ही म्हणता, “आपलंच हाये सारं, लोकाचं थोडीच हाये.” मग मला समोर उभं करून तुम्ही माणसाचा प्लँट समजावता. तोंड म्हणजे वॅगनी रिकाम्या होतात ती जागा. दात म्हणजे कोळसा फोडायचं यंत्र. घशाखालची नळी हा पट्टा, पोट हा बॉयलर. राख कुठून बाहेर पडते ते सांगताना तुम्ही आईकडं पाहून डोळा मारता आणि आई चिमटा उगारते. माझं बोट तेवढ्यात उजव्या बरगडीखालच्या विटकरी तुकड्यावर गेलेलं असतं. आतल्या सगळ्या सामानात तोच मोठा. “आणि हे काय करते, बाबा?” तुम्ही जवळ जाऊन पाहता, मागं होऊन पाहता. “याचं मले नाही माहीत वं,” तुम्ही म्हणता. “पण एवढं मोठं हाये म्हंजे रिकामं तं बसून नसंल.”

नाही हो बाबा, रिकामं कुठलं बसतं ते! ऐका आता. आतड्यांतून रक्त निघालं की ते आधी याच्याच दारात येतं. हे त्यातली साखर काढून ठेवतं आणि अंगाला लागेल तशी पुरवतं, घरातली शहाणी बाई डब्यातलं पीठ पुरवते तसं. पित्त करतं. रक्त गोठायला जे लागतं ते करतं. गोळ्या-औषधं, विष, काय पोटात जाईल ते निवडत बसतं. आणि गंमत म्हणजे त्याचा तुकडा कापून काढला तर उरलेलं पुन्हा वाढतं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं. त्याचा एकच अवगुण, ते दुखत नाही. मार लागला की आपणच आपल्याला रफू करत बसतं. पण मी आयुष्यभर कपडे शिवले, मला रफू माहीत आहे. एखाद्या जागी रफूवर रफू केलं की कापड मऊ राहत नाही, पुठ्ठा होतो. तसंच यकृताचं होतं, मग त्यातून रक्ताला वाट मिळत नाही आणि पोटात पाणी साठतं. साखर, मैदा, बसून राहणं, घराण्यातून आलेलं काही, यानं त्यात चरबी साचते आणि तिथून ही रफूची कामं सुरू होतात. बारीक माणसालाही होतं. तुमच्यासारख्या, हात लावला तर हाड लागावं अशा माणसालाही.

तुमचे डोळे पिवळे झाले तो हिवाळा मला सगळा आठवतो. दवाखान्यानं आराम सांगितला, बाटलीभर टॉनिक दिलं, फरक पडला नाही. आईनं कुठून तरी ऐकलं की रामटेकच्या पलीकडं एका गावात वैदू कावीळ उतरवतो. तुम्ही भडकलात. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून गंडे, दोरे, ताईत यांच्यामागं तुम्ही हात धुऊन लागलेले. कॉलनीत कोणाच्या पोरीला ताप आला तर तुम्ही तिला खांद्यावर घालून दवाखान्यात नेणार, आणि गळ्यात ताईत दिसला तर आधी तो तोडणार. आई म्हणाली, “तुमच्या दवाखान्यानं कोणता उजेड पाडला? चला गुमान, नाहीतर मी आजपासून जेवत नाही.” ती खरंच जेवली नाही. म्हणून आपण गेलो. मला बरोबर घेतलं, कारण कोणी विचारलंच तर पोरीला रामटेक दाखवायला नेलं असं सांगता यावं. बस थांबते, दोन्ही बाजूंना कापणी झालेले धानाचे बांध, आपण तिघं चालतो आहोत आणि तुम्ही आमच्या दहा पावलं मागं, जणू आमच्यातले नाहीच. वैदूनं तुमच्या मनगटाला काळा दोरा बांधला. काळपट हिरवा काढा दिला, दिवसातून तीन वेळा घ्यायचा. गावाबाहेर आल्याबरोबर तुम्ही तो दोरा दातांनी तोडून बांधावर फेकलात. काढा फेकला नाहीत, आई पाहत होती. आणि मलाही वाटतं, तुम्हाला जगायचं होतं.

तो काढा दारूच्या रिकाम्या पव्व्यात होता. खेड्यात धुऊन घेतलेली, घट्ट बुचाची, खिशात मावणारी काचेची बाटली दुसरी कोणती मिळणार? बसमध्ये बसल्यावर तुम्ही मला जवळ घेतलंत. “हे कोणाले सांगू नको वं,” म्हणालात. “मी लोकाले शिकवतो आन् मीच इथं आलो.” मी म्हटलं, “नाही सांगणार.”

दुपारचा घोट कामावर घ्यावा लागायचा. तुम्ही कोळशाच्या ढिगामागं जाऊन, लोकांकडं पाठ करून, मान वर करून तो घ्यायचात. तुमच्याच पाळीतल्या एका उंच खलाशानं, आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते पाहिलं. काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाहिलं ते सांगितलं, एवढंच. पण तुम्ही तर कॉलनीच्या विहारात रविवारची वंदना घ्यायचात. पंचशील तुम्ही म्हणायचं आणि तुमच्यामागून सगळ्यांनी. त्या रविवारपासून पाचवं शील आलं, मादक काही घेणार नाही ते, की लोकांच्या माना तुमच्याकडं वळायच्या. तुमच्या आवाजात काही बदल व्हायचा नाही. मग एका संध्याकाळी कमिटीची दोन माणसं घरी आली, चहा प्यायली, आणि जाताना दारात चपला घालत म्हणाली, “काही दिवस तुम्ही मागं बसत जा.” तुम्ही म्हटलंत, “बरं.” आई आत भांडी आपटत होती. तुम्ही एका वाक्यात त्यांचं तोंड बंद करू शकला असता, पण औषध आहे म्हटलं की कोणाचं, ते सांगावं लागलं असतं. आणि वैदूचं नाव घेण्यापेक्षा तुम्ही मागच्या रांगेतली सतरंजी पसंत केलीत.

पुढं नळावरचं भांडण. शेजारची पोरगी म्हणाली, तुझा बाप पव्वा मारते, आणि मी तिच्या डोक्यात प्लास्टिकची बकेट घातली. तुम्ही मला घरात आणलंत. पोट तेव्हा फुगायला लागलं होतं, तुम्हाला खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानंच रागावलात. “हात काहून उचललास? तोंड नाही तुले? बोलून सांगता येत नाही?” मी म्हटलं, “मग सांगू का? औषध हाये म्हणून सांगू?” तुम्ही भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहत राहिलात. म्हणालात, “नको.” आणि मग, “पण बोलणं शीक.”

तुम्ही गेल्यावर आम्ही इकडं शहरात, सक्करदऱ्याला, मामाच्या आधारानं आलो, माझी शाळा सुटली, मशीन हाती आली. शिकणं सोडलं नाही मी. दाण्याचा पुडा सोडवला की त्याचा कागद आधी वाचायची, मग दाणे. कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या मास्तरीणबाईंकडं ब्लाउजच्या बदल्यात जुनी पाठ्यपुस्तकं मागायची. आता तर फोन आहे. मी त्यात यकृत इतक्यांदा पाहिलं की तो मला आपणहून यकृतच दाखवतो. सून म्हणते, “दुसऱ्याच्या सासूच्या फोनमधी मालिका राह्यते, आमच्या घरी कलेजी.”

तीच मला साखर तपासायला घेऊन गेली होती. साखर निघाली, आणि त्याच दवाखान्यात या डॉक्टरीणबाई आतडी आणि यकृताच्या आजारांवर संशोधन करतात, दारू न पिणाऱ्या बारीक माणसांचं यकृत का बिघडतं यावर. त्यांनी मला बोलावलं. पहिलाच प्रश्न काय, तर “काकू, दारू घेता का?” माझ्या डोक्यात सगळं कोराडी पेटलं. मी म्हटलं, “तुमच्या आईला विचारा!” सुनेनं कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “तिलाही विचारलं होतं, काकू. सगळ्यांना विचारावं लागतं. तुम्ही घेत नाही म्हणूनच तर तुम्ही मला पाहिजे.” असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं! मग त्यांनी मला आडवं केलं, उजवा हात डोक्यामागं घ्यायला लावला, आणि बरगड्यांच्या मधे एक यंत्र टेकवलं. ते वरून टिचकी मारतं, बाबा. बाजारात आपण टरबुजाला टिचकी मारून पाहतो, अगदी तसं. टिचकीची लाट यकृतातून किती वेगानं धावते त्यावरून ते मऊ आहे की घट्ट, ते कळतं. मी इतकी रमले की म्हटलं, आणखी एकदा मारा. त्या हसल्या. “दहा वेळा मारायचीच आहे,” म्हणाल्या.

माझ्यात चरबी निघाली, आणि थोडा कडकपणाही. रक्तातून काविळीचा विषाणूही तपासला, तो नव्हता. मला भीती वाटायला पाहिजे होती ना? सुनेला वाटली, ती खुर्ची धरून बसली. मला मात्र एकच दिसत होतं, की मी दारूचा वासही घेतलेला नाही आणि माझं यकृत असं. मी तिथंच तुमचं सगळं सांगायला लागले. डोळे, पोट, पायाची सूज, सगळं. बाहेर माणसं थांबली होती तरी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “असं व्हायला दारू लागतच नाही, काकू.” आणि मग ती नावाची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून मी तलावाच्या कडेकडेनं रोज चालते, चहात साखर नाही, रश्श्यावर तेलाची तर्री नाही. कॉफी घेते, बिनदुधाची, बिनसाखरेची. यकृताला ती बरी असं संशोधनात दिसतं म्हणे. चवीला मात्र तुमच्या वैदूच्या काढ्याचीच बहीण. मागच्या महिन्यात यंत्र पुन्हा टेकवलं, तर कडकपणा उतरलेला! वेळेत धरलं तर मागं फिरतं ते, बाबा. मी टेबलावरच उठून बसले आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरून हलवत राहिले. त्या म्हणाल्या, “काकू, माझं एक काम करा.”

काम असं होतं. त्यांना संशोधनासाठी आमच्या वस्तीतली माणसं तपासायची होती, विहाराच्या बाजूच्या खोलीत यंत्र आणून. एका रविवारी आणलंही. आल्या फक्त चार-दोन बायका, त्याही बीपी पाहायला. पुरुष एक नाही. मी गल्लीत विचारलं तर एक जण म्हणाला, “त्या मशीनखाली झोपलं का मोहल्ल्यात झालं, लिव्हर गेलं याचं, पेते हा. मले पोरीचं लग्न कराचं हाये.” मी ते ऐकून घरी आले आणि दार लावून बसले. म्हणजे जगातल्या डॉक्टरांनी नाव बदललं, आमच्या गल्लीनं नाही. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, मी माझं सांगावं. पण माझं सांगायला काय लागतं? मला कोणी पिणारी म्हणणार नव्हतं. सांगायचं तर तुमचं सांगायला पाहिजे होतं. कोराडीहून रिटायर झालेली अर्धी मंडळी इकडंच घरं बांधून राहिली आहेत. ते उंच काकाही, आता वाकून माझ्याएवढे झालेले, दोन गल्ल्या सोडून मुलाकडं राहतात. त्यांच्यात तुमचं नाव अजून तेच आहे. मी मेले तरी ते तसंच राहणार होतं, कारण खरं माहीत असलेली मी एकटी उरले. आणि ते खोडायचं तर वैदूचं सांगावं लागणार, जे मी तुम्हाला बसमध्ये नाही सांगणार म्हटलं होतं. तीन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. तुम्ही ‘नको’ही म्हणालात आणि ‘बोलणं शीक’ही म्हणालात, मी ठरवलं की जे शेवटी म्हणालात ते खरं धरायचं.

काल वंदना संपली, मी उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुन्हा बाजूच्या खोलीत आणलं होतं. आजार सांगितला, यंत्र सांगितलं, नाव बदलल्याचं सांगितलं. मग म्हटलं, “माझ्या बाबांना हाच आजार होता. त्यांनी दीक्षेपासून मरेपर्यंत दारूचा थेंब घेतला नाही.”

पुढच्या खुर्चीवरून काकांची काठी वाजली. “मंग ते बाटली?”

“औषध होतं, काका. काविळीचं.”

“पव्व्यात?”

“मग वैदू काय चांदीच्या लोट्यात देणार होता?”

“वैदू!” काका अर्धे उठलेच. “तुह्या बाप वैदूकडं गेल्ता? आमाले तं शिव्या देत जाय तो! माह्या पोरीच्या गळ्यातला ताईत त्यानं सोताच्या हातानं तोडला व्हता!”

“म्हणूनच तर लपून घेत होते.”

“मी माह्या डोयानं पाह्यलं वं पोरी. कोळशाच्या ढिगामागं, मान वर करून.”

“पाहिलं नं? हुंगलं होतं का?”

“हुंगाले मी काय कुत्रा हाओ?”

सगळा विहार हसला. लेकरं हसली, माझी सून तोंडाला पदर लावून हसली. काका हसले नाहीत. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. हसू ओसरल्यावर, माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाले, “तवा आमाले एवढंच माहीत. पोट फुगलं म्हंजे पेत असंल. दुसरं काही राह्यते हे कोनी सांगतलंच नाही.” मग माझ्याकडं न पाहता, “त्यानं मले तरी सांगाचं व्हतं.”

“तुम्ही हसला असता, काका.”

“हासलो असतो,” काका म्हणाले. “लई हासलो असतो. पण मागं नसतं बसू देल्लं त्याले.”

बाबा, या वाक्यासाठी मी एवढी वर्षं जगले असं मला त्या क्षणी वाटलं. काका उठले, काठी टेकत बाजूच्या खोलीकडं निघाले. “ते मशीन दुखते काय?” “नाही काका, टिचकी मारते.” “मंग पाहू दे माह्यं बी. सकाळपासून चायही नाही पेलो, नातवानं उपाशी राह्य म्हणून सांगतलं व्हतं.” म्हणजे गृहस्थ आधीपासून यायचं ठरवून बसले होते! वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस त्या यंत्राखाली झोपला म्हटल्यावर बाकीच्यांना लाज कसली? पोरीचं लग्न करायचं होतं तोही आला. ओळ दाराबाहेर गेली, मग झाडाच्या सावलीपर्यंत. तपासणी उपाशीपोटी करायची असते, म्हणून ज्यांनी सकाळी पोहे खाल्ले होते त्यांना परत पाठवलं तर ते भांडायला लागले, आम्हाला आधी काहून नाही सांगितलं म्हणून. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहायला पाहिजे होता तुम्ही.

आता एक राहिलं. हा कागद कुठल्या पेटीत पडायचा नाही, कोणाच्या हाती जायचा नाही, म्हणून लिहून टाकते. मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पेन परत उचलताना आणखीही काही म्हटलं होतं. म्हणाल्या, “काकू, तुमच्या वडिलांना हेच होतं, असं मात्र मी म्हणू शकत नाही. एखाद्या सुईतून गेलेला विषाणू असेल, त्या काढ्यातलंच काही असेल. इतक्या वर्षांनी कोणीच सांगू शकणार नाही.” त्यांचं बरोबर आहे. त्यांना जेवढं मोजता येतं तेवढंच त्या बोलतात, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण काल विहारात मी ते सांगितलं नाही. ‘हाच आजार’ म्हटलं, ठासून म्हटलं, आणि वर तुम्हाला लिहितानाही तसंच लिहिलं. डॉक्टरीणबाई बाजूच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन यंत्राची वायर सोडवायला लागल्या. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाबा. पण कोणी विचारेपर्यंत मी थांबलेही नाही. माईक लगेच शेजारच्या बाईच्या हातात दिला.